मदत हवी आहे: 'शोले'चं पार्श्वसंगीत म्यूझस्कोरमध्ये उतरवतोय, पट्टी आणि लय दोन्ही निसटतायत

मंडळी, नमस्कार.

'शोले'ला १५ ऑगस्ट २०२५ ला पन्नास वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या नागपूरच्या हौशी चमूच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय: त्यातलं पार्श्वसंगीत स्टेजवर वाजवायचं. गाणी नाहीत. गाणी सगळेच वाजवतात, गणपतीपासून लग्नापर्यंत. आम्हाला हवंय टायटल म्युझिक, रात्री ओसरीवर जय वाजवतो तो माउथऑर्गन, आणि जमलंच तर बसंतीच्या टांग्याचा पाठलाग. छापील काही हाती लागलं नाही, म्हणून ऐकायचं आणि लिहायचं. ते काम माझ्या गळ्यात, कारण मी कीबोर्ड वाजवतो आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येतं. नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर म्यूझस्कोर ४. फुकट आहे आणि माझ्या लॅपटॉपवर कुरकुर न करता चालतं.

चमू खिचडी आहे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट वाजवणारे दोघं काका बँडमधले, स्टाफ नोटेशन घडाघडा वाचतात. व्हायोलिनवर दोन ताई, दोघी शास्त्रीय शिकलेल्या, त्यांना सारेगम हवं. हार्मोनियमवाल्या ताईंना तर भातखंडे लिपीशिवाय दुसरं काही चालत नाही. गिटारवाला कॉर्ड मागतो. तबलजी दादा म्हणतात, "कागद नको, एकदा वाजवून दाखव."

पहिली अडचण पट्टीची. टायटल म्युझिक माझ्याकडे रेकॉर्डवरून उतरवलेलं आहे, आणि अख्खा सिनेमा जुन्या व्हीसीडीवर. दोन्हीकडचं टायटल म्युझिक लागोपाठ ऐकलं तर सूर जुळत नाहीत. व्हीसीडीवरचं चढं आहे, पण धड अर्धा सूरही चढं नाही. कीबोर्डवर शोधायला गेलं की दोन पट्ट्यांच्या फटीत सापडतं. माउथऑर्गन आणि पाठलाग मला सिनेमातूनच घ्यायचाय, मग लिहू कुठल्या पट्टीत?

दुसरी लयीची. जयचा तो तुकडा मी मिडी कीबोर्डवरून थेट वाजवून म्यूझस्कोरमध्ये भरला. मनापासून वाजवला, अगदी राधा एकेक दिवा मालवतेय असं डोळ्यांसमोर आणून. पडद्यावर काय उमटलं? चौसष्टांश स्वर, त्यांना बांधलेले टाय, मध्ये टिंबवाले विराम, नुसती मुंग्यांची रांग. क्लॅरिनेटवाल्या काकांना दाखवलं तर म्हणाले, "हे वाजवायचं आहे की मोजायचं?" मेट्रोनोमला धरून भरलं तर पान स्वच्छ येतं, पण ऐकताना माउथऑर्गनचा जीव गेलेला असतो.

तिसरं, एकाच फाइलमधून कुणाला स्टाफ आणि कुणाला देवनागरी सारेगम कसं काढायचं?

आणि फ्रेंच हॉर्न. टायटलमधली ती धून हॉर्नवरच शोभते. आमच्या ओळखीत हॉर्न वाजवणारा कुणी नाही. कुणाच्या ओळखीत असेल तर त्याला माझ्या घरी जेवायला घेऊन या, सावजी खिलवतो.

(मे महिन्यात लिहून राहिलोय. कूलर चालू असला की व्हायोलिनची खालची बाजू ऐकूच येत नाही, बंद केला की मी शिजतो. हेडफोनचा सल्ला देऊ नका, तोच लावून बसलोय.)

पांढरी_पाच

पट्टीचं उत्तर सोपं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे २५ चौकटींची. पाल व्हीसीडी किंवा डीव्हीडी बनवताना बरेचदा तीच फिल्म २५ नं पळवायचे. चित्र चार टक्के जोरात पळतं ते डोळ्यांना कळत नाही, पण आवाजही तेवढाच पळतो आणि चढतो. हिशोब केला तर साधारण ७० सेंट चढतो. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. म्हणून तुम्हाला तो फटीत सापडतोय. तीन तासांचा सिनेमा अशा डिस्कवर सात मिनिटं आधी संपतो, तेही तपासून बघा.

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडा, वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या आणि गुणक ०.९६ टाका. २४ भागिले २५ म्हणजे बरोबर ०.९६. वेग तसाच ठेवून सूर बदलणारा इफेक्ट वेगळा असतो, तो घेऊ नका. इथे दोन्ही बरोबरीनं उतरायला हवेत.

रेकॉर्डवर मात्र डोळे झाकून विश्वास नको. टर्नटेबल किंचित हळू-जोरात फिरत असेल तर तिची पट्टीही सरकते. दोन्हीतून जी पट्टी जवळ येईल ती धरा. नाहीतरी शेवटी क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटला सोयीची पट्टी घ्यावी लागणारच आहे. दोन्ही बी-फ्लॅट वाद्यं आहेत, म्हणजे त्यांच्या कागदावर सगळं एक पूर्ण सूर वर लिहावं लागतं. तुम्ही पांढरी तीन (म्हणजे ई) धरली की त्यांच्या कागदावर सहा शार्प येतील आणि काका तुम्हाला कार्यक्रमापर्यंत विसरणार नाहीत.

धागाकर्ता

०.९६ टाकलं आणि दोन्ही टायटल एकमेकांवर बसली! रेकॉर्ड किंचित उतरलेली आहे, पण ती आता कानाला सहन होतेय. पट्टीचं डोकं शांत झालं. आता लय.

मात्रामोजणी

लयीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक जण सॉफ्टवेअरशी भांडत बसतात.

तुम्ही दोन वेगळी कामं एकाच पानाकडून मागताय. वादकाला वाचायला पान हवंय, आणि कॉम्प्युटरनं सिनेमासारखं वाजवूनही दाखवायला हवंय. पानावर स्वर साधेच लिहा: पाव, अष्टमांश, गरज असेल तिथे ट्रिपलेट (दोघांच्या जागेत तीन स्वर). थेट मिडी रेकॉर्डिंगनं भरू नका. एकेक स्वर टाका. एन दाबून लेखन चालू करा, ५ म्हणजे पाव, ४ म्हणजे अष्टमांश, ६ म्हणजे अर्धा. हात बसला की पेनापेक्षा जलद होतं.

आता जीव कुठून आणायचा? सोनिक व्हिज्युअलायझर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात बनलेलं आहे. माउथऑर्गन वाजू द्या आणि प्रत्येक ठोक्याला अर्धविरामाचं बटण दाबत जा. आवाजाच्या आलेखावर खुणा पडतात. दोन खुणांमधलं अंतर सेकंदात वाचा आणि ६० ला त्यानं भागा, त्या ठोक्याची लय मिळते. समजा ०.८ सेकंद आलं तर ७५. पुढच्याला ०.९२ आलं तर ६५ च्या आसपास. हे आकडे म्यूझस्कोरमध्ये जागोजागी टेम्पो म्हणून टाका, मग ते निवडून व्ही दाबा. छापताना ते दिसत नाहीत, ऐकताना मात्र लय तशीच झुलते. काकांच्या पानावर फक्त 'मोकळेपणानं, माउथऑर्गनसारखं' एवढं लिहा.

जिथे वाक्याच्या शेवटी तो श्वास घेतो आणि ठोकाच लांबतो, तिथे त्या मापाच्या (दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या, म्हणजे बारच्या) गुणधर्मांत जाऊन मापाची प्रत्यक्ष लांबी वाढवता येते. ४/४ मध्ये एखादं माप पाच ठोक्यांचं झालं तरी आभाळ कोसळत नाही. त्या काळी वादक एका हॉलमध्ये एकत्र बसून वाजवायचे, हात वर-खाली व्हायचा तो माणसाचा.

आणि एक. म्यूझ साउंड्समधली (म्यूझस्कोरच्या तयार आवाजांमधली) वाद्यं ऐकून हुरळू नका. तिथला क्लॅरिनेट कधी दमत नाही. स्वतः गाऊन बघा, जिथे तुमचा दम संपतो तिथे श्वासाची खूण करा.

ताशेवाला

भाऊ, पाठलागातला तबला लिहून काऊन राहिले? पंडित सामताप्रसादजींचा हात हाय तो, बनारसचा. तुमी तो मापात बसवाले गेले तं तबलजी पानात पाह्यन आन् घोडी पुढं निंघून जाईन. तबलजीला रेकॉर्डिंग द्या, दादरा-केरवा जे काई वाटते ते त्याले धरू द्या. पानावर फकत इतकंच पाह्यजे: किती मात्रा एकट्यानं वाजवाचं, कुठं बाकीचे घुसतेत, कुठं एकदम थांबाचं. इशारा कोण देते ते नाव लिहा. बाकी त्याच्यावर सोडा बाप्पा.

धागाकर्ता

ताशेवाले भाऊ, दादांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, जाम खूश आहेत. पण एक शंका. पाठलागात बाकीच्यांचे ठोकळे मला तबल्याशी जुळवावे लागतील ना? मात्रा मोजायला मला तरी काहीतरी हवंच.

ताशेवाला

मंग एक ओळ फकत तुमच्यासाठी ठेवा. नुसते ठोके, बोल नाई. छापताना लपवून टाका. दादाले दाखवू नका म्हंजे झालं.

सरगमची_वही

देवनागरी सारेगमबद्दल. हे मी केलेलं आहे, चालतं.

म्यूझस्कोरसोबत स्वरांची नावं लिहिणारं एक प्लगइन येतं. प्लगइनच्या पानावर जाऊन आधी सुरू करावं लागतं. मूळ फाइलची एक प्रत करा. त्या प्रतीत सगळं संगीत पांढरी एकमध्ये आणा, म्हणजे सी बरोबर सा होईल. प्लगइनची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. आधी तिची एक प्रत वेगळी ठेवा, मग सी-डी-ई च्या जागी सा-रे-ग लिहा. चालवलं की प्रत्येक स्वरावर देवनागरी नाव येतं. फॉन्ट देवनागरीचा निवडा, नाहीतर मात्रा आणि अक्षर वेगळी पडतात.

कोमल स्वरांखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, हे भातखंडे पद्धतीचं सगळं प्लगइन आपोआप देत नाही. कोमलची रेघ अधोरेखित करून मिळते, बाकी हातानं. हार्मोनियमवाल्या ताईंना विचारा, त्या कदाचित टिंब स्वतःच पेन्सिलनं देतील. मला तरी त्यात त्यांचा आनंद दिसतो.

मग त्या प्रतीत पाच रेघा अदृश्य करा, स्वरांच्या गोळ्या निवडून लपवा, नुसती अक्षरं आणि मापाच्या उभ्या रेघा राहतात. व्हायोलिनवाल्या ताईंसाठी मात्र गोळ्या लपवू नका. सारेगम खाली आणि स्टाफ वर असं दोन्ही दिलंत तर पुढच्या कार्यक्रमापर्यंत त्या स्टाफ वाचायला लागतील. आमच्याकडे असंच झालं.

पट्टी बदललेल्या प्रतीवर मोठ्या अक्षरात 'सा = अमुक पट्टी' लिहायला विसरू नका.

पितळी_सूर

हॉर्न शोधू नका. तुमच्या बँडवाल्या काकांना विचारा, त्यांच्या ओळखीत युफोनियम (जाड आवाजाचं पितळी वाद्य) वाजवणारा नक्की निघेल, लग्नाच्या बँडमध्ये असतो. त्याचा आवाज गोल आणि जाड असतो, हॉर्नच्या जवळ जातो. ट्रम्पेटला हॉर्नची धून देऊ नका, ते लगेच वरातीसारखं वाजायला लागतं.

युफोनियमवाला ट्रेबल क्लेफमध्ये बी-फ्लॅट मानून वाचत असेल तर त्याचा भाग ऐकू येतो त्यापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण सूर वर लिहायचा. म्यूझस्कोरमध्ये वाद्य निवडतानाच ट्रेबल क्लेफचा युफोनियम घ्या, ते स्वतः करतं. तुम्ही लिहिताना 'कॉन्सर्ट पिच' (सगळे सूर ऐकू येतात तसेच दाखवणारी सोय) चालू ठेवा, छापताना बंद. हे उलटं झालं की तालमीत पहिल्याच मापाला कळेल.

पांढरी_पाच

एक न विचारलेला मुद्दा. आवाज वेगळे करणारी एआयची साधनं वापरत असाल, उदाहरणार्थ डेम्युक्स, तर त्यांच्याकडून हॉर्न वेगळा काढून मिळेल अशी आशा धरू नका. ती आवाज, ड्रम, बेस आणि 'इतर' अशा चार डब्यांत विभागणी करतात. हॉर्न, व्हायोलिन, माउथऑर्गन सगळे 'इतर'मध्ये एकत्र पडतात. पण बेसचा डबा मात्र उपयोगाचा आहे. कॉर्ड ओळखायला तेवढाच ऐका, गिटारवाल्याचं काम निम्मं होतं.

कागदपत्रे

कार्यक्रम तिकीट लावून आहे का? आर. डी. बर्मन जानेवारी १९९४ मध्ये गेले. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे ही रचना अजून हक्काखाली आहे. १९५७ च्या कायद्यात हौशी संस्थेनं विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तिकीट लावणार असाल तर रीतसर परवाना घ्या. आणि तयार झालेली फाइल इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकू नका, ती वेगळी गोष्ट होते.

धागाकर्ता

तिकीट नाही, प्रवेश मोकळा. फाइल चमूपुरतीच राहील.

सगळ्यांचे आभार. युफोनियमवाले काका सापडलेसुद्धा, ट्रम्पेटवाल्या काकांचे साडू निघाले. माउथऑर्गनचा तुकडा मात्रामोजणी यांच्या पद्धतीनं नव्यानं लिहिला, लपवलेल्या टेम्पोसकट. लॅपटॉपवर ऐकताना अजून थोडा गुळगुळीत वाटतो, पण काकांनी पान एका नजरेत वाचलं.

शेवटची शंका. माउथऑर्गनच्या त्या तुकड्यात दोन स्वरांच्या मध्ये सूर घसरतो, मींडेसारखा. व्हायोलिनच्या एका ताई तो साथीला वाजवणार आहेत. ग्लिसांडोची रेघ टाकली तर सॉफ्टवेअर मधले सगळे पियानोचे सूर टकटक वाजवत खाली येतं. काय करू?

सरगमची_वही

त्या रेघेच्या गुणधर्मांत वाजवण्याचा प्रकार बदलता येतो, पोर्टामेंटो (सलग घसरणारा सूर) निवडा. पण ताईंच्या पानावर रेघ काढून वर 'मींड' लिहिलंत तरी पुरे. त्या शास्त्रीय शिकल्यात, कुठून किती घसरायचं ते त्यांना तुमच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळतं.