मदत हवी आहे: प्लवक ओळखणारं मॉडेल नवीन नमुन्यांवर गडबडतंय

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळच्या एका खाडीतल्या वनस्पती-प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर) एमएस्सीचा प्रकल्प करतेय. २० मायक्रॉनच्या जाळीतून गाळलेला नमुना, त्यात ल्युगॉल (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण), मग सेजविक-राफ्टर सेलमध्ये (मोजणीच्या खोलगट काचपट्टीत) १ मिली घालून एकेक पेशी मोजायची. ज्यांनी केलंय त्यांना मानेचे हाल वेगळे सांगायला नकोत. म्हणून सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा लावला. इमेजजे या फोटो तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रेशोल्ड (किती गडद म्हणजे कण, ती मर्यादा) लावून प्रत्येक कण वेगळा कापते आणि ओळखायचं काम रेझनेट-१८ हे फोटो ओळखायला शिकणारं मॉडेल करतं. आमच्या मॅडम प्लवक एका नजरेत ओळखतात, पण पायथॉनचा विषय निघाला की "ते तू बघ गं".

मॉडेलने ओळखायचे प्लवकांचे गट असे: कॉसिनोडिस्कस, कीटोसेरॉस, स्केलेटोनेमा, प्ल्युरोसिग्मा, ट्रायपॉस (जुन्या पुस्तकांतलं सेरॅशियम) आणि 'कचरा'. टेस्टमध्ये अचूकता नव्वदीच्या वर आली. पण पावसाळ्यानंतरचे नमुने दिले, तर गाळाचा जो गोलसर कण दिसेल तो कॉसिनोडिस्कस! खरा कॉसिनोडिस्कस कडेवर उभा राहिला की आयत दिसतो, तो मात्र कचऱ्यात. कीटोसेरॉसचे काटे इतके पारदर्शक की थ्रेशोल्डमध्येच उडतात. उरतात नुसते चौकोनी डबे.

फोटो कमी पडतायत का? अमेरिकेतल्या वुड्स होल सागरी संशोधन संस्थेचा प्लवकांच्या फोटोंचा खुला संग्रह (डब्ल्यूएचओआय-प्लँक्टन) यात मिसळू का? लॅपटॉपला जीपीयू (मॉडेल वेगाने शिकवणारी चिप) नाही, कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन सेवेवर भागवतेय.

प्रतिसाद १
ट्रेनिंगचे (मॉडेल शिकवायचे) आणि टेस्टचे (तपासायचे) फोटो वेगळे कसे केलेत? सगळे एकत्र पिसून वाटले असतील तर एकाच स्लाइडवरचे फोटो दोन्हीकडे गेले. तोच प्रकाश, ल्युगॉलचा तोच पिवळेपणा. ती नव्वदी खरी नाही. वाटणी नमुन्याच्या तारखेवरून करा, एका दिवसाचं सगळं एकाच बाजूला. आकडा पडेल, पडू दे.

वुड्स होलचे फोटो गटांत मिसळू नका. ते मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर पाण्यात बसवलेल्या इमेजिंग फ्लोसायटोबॉट या स्वयंचलित कॅमेरा-यंत्राने वाहत्या पाण्यात टिपलेले, कृष्णधवल. तुमचे स्लाइडवरचे, रंगीत. आधी त्यांच्यावर शिकवून मग आपल्या फोटोंवर आणायला हरकत नाही, पण आपले फोटोही कृष्णधवल करून घ्या. रंग गेला की ल्युगॉलचा घोळही बराच कमी होतो.

प्रतिसाद २
मूळ दुखणं फोटोत आहे. तो सेजविक-राफ्टर सेल १ मिलिमीटर खोल, आणि १०एक्स (दहापट) भिंगाचा फोकस जेमतेम काही मायक्रॉन. सेल भरल्यावर पंधरा मिनिटं पेशी तळाला बसू द्या, मग तळावर फोकस करा. काट्यांसाठी एकच थ्रेशोल्ड धरून बसू नका. पेशीचा गाभा सापडला की भोवती सढळ हाताने समास सोडून चौकोन कापा, काटे आत येतील.

कॉसिनोडिस्कसचे दोन गट करा, वरून आणि कडेने. मोजताना बेरीज. आणि मॉडेलची खात्री कमी असेल तिथे 'सांगता येत नाही' म्हणू द्या, तेवढे फोटो मॅडमना दाखवा. इकोटॅक्सा या प्लवकांचे फोटो वर्गवार लावायच्या संकेतस्थळावर हीच पद्धत आहे: यंत्र सुचवतं, शिक्का माणूस मारतो.

धागाकर्ती
दोघांचे आभार. तारखेनुसार वाटणी आजच करते. एक राहिलं: स्केलेटोनेमाची अख्खी साखळी एक फोटो म्हणून येते, पण मला लिटरमागे पेशी हव्यात.

प्रतिसाद २
ओळखताना साखळी एकच धरा. थोड्या साखळ्यांतल्या पेशी हाताने मोजा, इमेजजेमध्ये त्यांची लांबी घ्या, दोन्हींचा आलेख काढा. पुढे लांबीवरून पेशी मिळतील. फक्त हे प्रत्येक मोसमात नव्याने करा, पेशींचा आकार बदलत राहतो.