बालवाडीचा ओपन डे: न बघता प्रवेश कसा घ्यायचा?

बालवाडीताई, पुणे
परवा इथे एका पालकांनी लिहिलं होतं, "ओपन डे म्हणजे फुगे, सेल्फी पॉइंट आणि फीचा कागद. जाऊच नका. घराजवळची शाळा धरा आणि प्रवेश घेऊन टाका." प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढला. फुग्यांवरचा राग पटतो. पण तीन वर्षांचं मूल न बघता कुठेही घालून टाका, हा सल्ला देववतो तरी कसा? जूनमध्ये ते रडत घरी येईल आणि काय झालं ते त्याला सांगता येणार नाही.

बघायला जा, फक्त चार्ट बघू नका. बाथरूम बघा. कमोड मुलाच्या उंचीचा आहे का, फरशी ओली आहे का, मूल आत गेलं की सोबत कोण जातं? खेळणी कपाटात कुलपाखाली आहेत की मुलाचा हात पोचेल अशा फळीवर? ठोकळे झिजलेले असतील तर उत्तम, म्हणजे रोज हाताळले जातात. एका वर्गात मुलं किती आणि ताई किती, तेही विचारा. मावशींना ताईंमध्ये मोजू देऊ नका. आणि पहिल्या आठवड्यात आई-बाबांना आत बसू देता का, हे विचाराच. या प्रश्नावर जी शाळा तोंड फिरवते, तिथून उठून या.

शाळांनाही सांगणं आहे. ओपन डे रविवारी ठेवू नका. मुलं वर्गात असताना, चालू दिवशी ठेवा.

दोन मुलांचा बाबा, पिंपरी
ताई, तुमच्या शाळेत होत असेल असं. आम्ही गेलो तिथे रविवार होता, वर्ग रिकामे. आम्हाला बाहेर कॉफी दिली आणि लेकाला "थोडा खेळू दे" म्हणून आत नेलं. आत त्याला रंग विचारले, आकार विचारले, नाव विचारलं. अनोळखी बाईसमोर तो गप्प बसला. पुढच्या आठवड्यात फोन आला, जागा भरल्या. ही मुलाखत नाही तर काय? शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 13: चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड. विचारलं तर म्हणतात, कायदा 6 वर्षांपासून लागू. म्हणजे तीन वर्षांच्या पोराला कुणीही तपासावं? मी तर म्हणतो, ओपन डे बंदच करा.

मेघा, ठाणे
मला दोघांचंही पटत नाही. चालू दिवशी ओपन डे म्हणजे दिवसभर अनोळखी माणसं वर्गात. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले ते विसरलो का आपण? त्यानंतर शाळांमध्ये सीसीटीव्हीचे आदेश निघाले, आणि इथे सुचवलं जातंय की कुणीही या आणि मुलांच्या बाथरूमपर्यंत जाऊन बघा. माझी मुलगी पाहुणे आले तरी माझ्या मागे लपते. तिचा वर्ग दुसऱ्यांच्या पाहणीसाठी उघडू नका.

माजी शिक्षिका
सगळे पालकांच्या बाजूनेच बोलताय. ओपन डेच्या आधीचा आठवडा कुणी पाहिलाय? मुलं घरी गेली की संध्याकाळपर्यंत थर्माकोल कापायचा, क्रेपची फुलं करायची, "मुलांची चित्रं" आपणच रंगवायची. जादा वेळेचा पैसा नाही. ताई किती ते विचारा म्हणता, एकदा ताईंचा पगार विचारून बघा. मी नोकरी सोडली ती याच कारणाने.

दोन मुलांचा बाबा, पिंपरी
पगार कमी म्हणून आम्ही न बघता प्रवेश घ्यायचा का? वर्षाची फी एकरकमी भरतो आम्ही. ताईंना काय देतात ते मालकाला विचारा, आमच्यावर कशाला ओरडता?

धुळेकर
पगाराचं निघालंच आहे तर ऐका. माझी आई अंगणवाडी सेविका. 4 डिसेंबर 2023 ला संप सुरू झाला तेव्हा मानधन 10,000 रुपये होतं. एवढ्यात मुलांना शिकवायचं, वजनं घ्यायची, आहार वाटायचा आणि मोबाइलवर सगळ्या नोंदी भरायच्या. ग्रॅच्युइटीचा हक्क मिळायला सुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागावा लागला. तरी ती पालकांना बोलावते. खडू-कागद स्वतःच्या पैशाने आणते, मुलांना नेहमीसारखं खेळू देते, आणि आया शेतावर जाता जाता दारात टेकतात. बजेट नाही म्हणून ओपन डे होत नाही, असं मला कुणी सांगू नये.

मेघा, ठाणे
सेविकांचे हाल मान्य. पण धागा कशाचा आहे? मुलांच्या सुरक्षिततेवर एकानेही उत्तर दिलेलं नाही.

माजी शिक्षिका
मेघाताई, पाच तास उभी असलेली, महिनाअखेरीला उसने मागणारी ताई तुमच्या मुलीवर कितपत लक्ष ठेवेल? हीच सुरक्षितता. तुम्हाला ती कॅमेऱ्यात दिसते, मला माणसात दिसते.

मेघा, ठाणे
मला शिकवू नका. मी आई आहे.

नाशिकचे आजोबा
पोरींनो, जरा दमानं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डी गावी आल्या. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आई भांडी घासता घासता बघायची, आजी ओट्यावरून बघायची. तिथे वेगळा ओपन डे लागतच नव्हता. पुढे 1957 पासून जवळच्या कोसबाडला सहकारी अनुताई वाघांसोबत आदिवासी पाड्यांवर तेच काम वाढलं. तिथली बघणारी माणसं मुलांच्या रोजच्या ओळखीची होती. मेघाची भीती अनोळखी माणसांची आहे आणि ती रास्त आहे. म्हणून वर्षातून एकदा शंभर जणांना बोलावण्याऐवजी आठवड्यातून एकदा दोन पालक येऊ द्या.

बालवाडीताई, पुणे
आजोबा, दोन पालक हे मान्य, आठवड्यातून एकदा हेही मान्य. आमच्याकडे गेटवर नाव लिहून घेतात, फोन ऑफिसात ठेवायचा, आणि बाथरूम मुलं आत नसतानाच दाखवतात. सजावट करायचीच नाही, म्हणजे ताईंची संध्याकाळही वाचते. पिंपरीच्या दादांना एवढंच सांगते, मुलाला आई-बाबांपासून वेगळं नेत असतील तर तिथल्या तिथे "आम्हीही येतो" म्हणा.

दोन मुलांचा बाबा, पिंपरी
ठीक आहे, बंदच करा हे मागे घेतो. पण रविवारी कॉफी पाजणाऱ्यांबद्दलचं माझं मत तेच आहे आणि तेच राहील.

मेघा, ठाणे
दोन पालक आणि फोन बाहेर, एवढं असेल तर मी येईन. मात्र मुलं वर्गात असताना अर्ध्या तासाच्या वर कुणी थांबायचं नाही. आणि माझ्या मुलीचा फोटो शाळेच्या जाहिरातीत दिसला, तर मी फी परत मागायला येईन.

धुळेकर
आणि अंगणवाडीत बघायला कोण येणार? आमच्या गावात शाळा निवडायला दुसरी आहेच कुठे?