महानाट्यात पुरंदरचा तह का उरकतात?

गडवेडा: परवा मैदानावर शिवचरित्राचं महानाट्य बघितलं. घोडे, मशाली, तोफांचा धूर, सगळं झक्कास. अफजलखानाच्या भेटीला (१० नोव्हेंबर १६५९) भरपूर वेळ, मुरारबाजींची लढाईही जोरात. आणि पुरंदरचा तह? निवेदकाने चार वाक्यांत गुंडाळला! जून १६६५ मध्ये २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना दिला, १२ किल्ले राखले. काय सोडायचं नि काय धरून ठेवायचं, हे ठरवणारे महाराज मला बघायचे होते. ते सोडून बाकी सगळं दाखवलं. त्यात संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, नट नुसते हातवारे करतात. याला नाटक का म्हणायचं?

विंगेतला: अशा प्रयोगात मी मावळा झालोय, म्हणून बोलतो. शेवटच्या रांगेतून नटाचा चेहरा नखाएवढा दिसतो. विचारात पडलेले महाराज तिथे दाखवणार कसे? मैदानावर अभिनय म्हणजे मान, हात आणि चाल. घोड्यावरून बोललं की माईकमध्ये वारा शिरतो, टापा येतात, म्हणून ट्रॅक लागतो. आणि ट्रॅकवर काम करणं सोपं नाही हो. घोडा अडला तरी वाक्य थांबत नाही, ओठ हलवत राहावं लागतं. तह बघायचाय तर नाट्यगृहात जा.

जुनी_मोडी: माझं दुखणं वेगळंच आहे. ट्रॅकवरचं वाक्य लोक महाराजांचंच समजतात, दुसऱ्या दिवशी तेच सगळ्यांच्या स्टेटसवर. सभासदाची बखरसुद्धा महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता, त्याच्या नोंदी आहेत. पण शामियान्यातल्या भेटीचा शब्द न शब्द कुणी टिपून ठेवलेला नाही. ‘संवाद लेखकाचे आहेत’ एवढं सुरुवातीला सांगायला काय जातं?

टाळ्या_शिट्ट्या: सांगून बघा, पब्लिक खुर्च्या फेकेल. 😄 लोक सोहळा बघायला येतात. बखरी वाचायला कोण बसलंय?

मुकी_जनावरं: सोहळाच हवा तर जनावरांविना करा. ढोल, धूर आणि दिव्यांच्या झोतात घोडा बिथरतो, हे पुढच्या रांगेतून स्पष्ट दिसतं. प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली म्हणून त्याची भीती जात नाही.

विंगेतला: हे मान्य. तालमीत तोफेचा आवाज हळूहळू वाढवत नेतात, तरी प्रयोगाला नवं जनावर आणलं की सगळ्यांच्या जिवाला घोर.

गडवेडा: मग मैदानाला झेपेल असा तह सांगतो. तटावर ३५ मशाली लावा. एकेका किल्ल्याचं नाव पुकारा आणि एक मशाल विझवा, अशा २३. चेहरा दिसायची गरजच नाही, शेवटच्या रांगेलाही कळेल काय गेलं ते.

विंगेतला: कल्पना भारी आहे राव! पण २३ नावं ऐकेपर्यंत अर्धं मैदान वडापावच्या गाडीवर असेल. आणि निर्माता म्हणणार, महाराज हरताना दाखवायचे नाहीत.

गडवेडा: हरले कुठे? १६७० मध्ये सिंहगड घेतला, पाठोपाठ पुरंदर. त्याच मशाली पुन्हा पेटवा.

जुनी_मोडी: याला माझा पाठिंबा. नावं तेवढी नीट तपासून घ्या.