ठिपक्याएवढ्या प्रकाशावरून ताऱ्याच्या स्फोटाची एवढी माहिती कशी मिळते?

हिंगोलीचे शिक्षक (प्रश्न)

नमस्कार. मी औंढा नागनाथ तालुक्यातील एका शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचे सूक्ष्म कंप, टिपणाऱ्या लायगोच्या वेधशाळेसाठी आमच्या तालुक्याची निवड झाल्यापासून मुलांचे आकाशाविषयीचे प्रश्न वाढले आहेत आणि त्यांतील काही प्रश्नांपुढे मी निरुत्तर होतो. अतिनवताऱ्याचा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, फुटणारा तारा मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपकाच दिसतो, तर त्याच्या पोटात लोखंड होते हे पाहिले कोणी?" पाठ्यपुस्तकातील कांद्याच्या पाकळ्यांसारखी आकृती दाखवून मी वेळ मारून नेली, पण ते उत्तर नव्हते हे तिलाही कळले आणि मलाही. दुसऱ्या मुलाची शंका अशी की जो तारा 1,68,000 प्रकाशवर्षे दूर आहे, तो 1987 साली फुटला असे आपण कसे म्हणतो? दोन्हींविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बालाघाट

सर, आधी दुसरा प्रश्न. स्फोटाची वार्ता प्रकाशाहून लवकर येऊ शकत नाही, म्हणून प्रकाश पृथ्वीवर ज्या दिवशी पोहोचला त्या दिवसाचीच तारीख नोंदवण्याचा प्रघात आहे. अंतराच्या अंदाजात पुढे सुधारणा झाली तरी ती तारीख बदलावी लागत नाही, एवढी ही साधी सोय आहे.

ते अंतर कसे मोजले, हे मात्र वर्गात सांगण्यासारखे आहे. एसएन 1987ए या अतिनवताऱ्याभोवती, ताऱ्याने हजारो वर्षांपूर्वी टाकलेल्या वायूचे एक कडे होते. स्फोटाचा झगमगाट त्या कड्यावर पोहोचल्यावर ते उजळले, पण कडे आपल्या दृष्टीने तिरके असल्यामुळे त्याची जवळची बाजू आधी आणि दूरची बाजू बऱ्याच महिन्यांनी उजळलेली दिसली. या उशिरावरून कड्याचा खरा आकार मिळाला, हबल दुर्बिणीच्या छायाचित्रावरून त्याचा कोनीय आकार मिळाला, आणि दोहोंवरून अंतर काढणे हे दहावीच्या त्रिकोणमितीचे काम उरले.

आता ठिपक्याकडे येऊ. ठिपक्याचा प्रकाश वर्णपटात पसरला की त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते रेषांवरून कळते. हायड्रोजनच्या रेषा असतील तर दुसरा प्रकार आणि नसतील तर पहिला, अशी ढोबळ विभागणी आहे. पहिल्यातील 'ए' उपप्रकारात सिलिकॉनची ठळक रेषा दिसते. तो महाकाय ताऱ्याचा मृत्यू नसून जोडीदाराकडून वस्तुमान मिळाल्यामुळे भडकलेल्या श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या दाट अवशेषाचा, स्फोट असतो. येथे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी काढलेली सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाची मर्यादा कळीची ठरते, कारण त्याहून जड श्वेतबटू टिकू शकत नाही. अतिनवताऱ्याच्या वर्णरेषा पसरट असतात आणि त्यांचा शोषलेला भाग निळ्या टोकाकडे सरकलेला असतो. ते सरकणे मोजले की वायू सेकंदाला 10,000 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आपल्याकडे येत आहे असे निघते. दिवस जातात तसे बाहेरचे कवच विरळ होत जाते आणि आतला थर दिसू लागतो, म्हणजे ठिपका ठिपकाच राहतो, पण रोजच्या वर्णपटातून तारा बाहेरून आत सोलला जात असतो. लोखंडाच्या रेषाही या वर्णपटांत सापडतात, त्यामुळे त्या विद्यार्थिनीला 'वर्णपटात पाहिले' असे सांगता येईल.

गोदाकाठ

बालाघाट यांचे विवेचन उत्तम आहे, परंतु शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, कारण विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका तेथेच आहे. अवशेषांच्या वर्णपटात दिसणारे लोखंड आणि ताऱ्याच्या गाभ्यात साठलेले लोखंड ही एक गोष्ट नव्हे. गाभ्यातले लोखंड बाहेर येतच नाही. लोखंडापाशी संमीलनातून (हलकी अणुकेंद्रे जुळून जड अणुकेंद्रे होण्यातून) ऊर्जा मिळणे थांबते, गाभ्याला स्वतःचा भार पेलवेनासा होतो आणि पृथ्वीएवढा तो गोळा सेकंदाच्या आत एखाद्या शहरात मावेल इतका आकसतो. त्यातले लोखंडाचे अणू मोडून त्याचा न्यूट्रॉन तारा बनतो, किंवा पुढे जाऊन कृष्णविवर.

बाहेर दिसणारे लोखंड बव्हंशी स्फोटातच नव्याने तयार झालेले असते, तेही आडवाटेने. स्फोटाच्या उष्णतेत निकेल-56 बनते, सुमारे 6 दिवसांच्या अर्धायुष्याने त्याचे कोबाल्ट-56 होते आणि सुमारे 77 दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टचे लोखंड होते. अतिनवतारा महिनोन्महिने तेवत राहतो तो या किरणोत्सारामुळे. 1987 च्या ताऱ्याचे तेज उतरणीला लागल्यावर कोबाल्टच्याच गतीने घटत गेले आणि कोबाल्टने सोडलेले गॅमा किरण उपग्रहाने थेट टिपले. नव्या लोखंडाचा पुरावा तो.

मग आतल्या, कोसळलेल्या गाभ्याचा पुरावा कोणता? न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळपास अडथळ्याविना आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण. 23 फेब्रुवारी 1987 रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी एक वाजून पाच मिनिटांच्या सुमारास जपानमधील कामिओकांदे (पाण्याची मोठी टाकी), अमेरिकेतील आयएमबी आणि रशियातील बाक्सान या भूमिगत प्रयोगांत मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनो काही सेकंदांत नोंदले गेले, आणि प्रकाश त्यानंतर तासांनी आला. न्यूट्रिनो गाभ्यातून जवळपास लगेच निसटतात, तर धक्क्याच्या लाटेला ताऱ्याचा पृष्ठभाग गाठायला वेळ लागतो, म्हणून हा क्रम. दोन डझन हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण पकडीत न आलेल्यांचा हिशेब केला तर अशा स्फोटाची सुमारे 99 टक्के ऊर्जा न्यूट्रिनोच घेऊन जातात हे सिद्धान्ताने आधीच वर्तवलेले गणित जुळले. डोळ्यांना दिसणारा झगमगाट हा एकूण ऊर्जेचा अगदी नगण्य अंश असतो.

थोडे विषयांतर करतो. तो तारा इतक्या दक्षिणेला होता की मराठवाड्यातून तो क्षितिजाच्या वर जेमतेम एखादा अंश येत असेल, म्हणजे दिसलाच नाही म्हणा. त्याचे न्यूट्रिनो मात्र त्या दुपारी प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे एक हजार कोटी या हिशेबाने आपल्या शिवारांतून आणि शिवारात काम करणाऱ्या माणसांच्या अंगातून आरपार गेले.

परभणीची वाचक

मृग नक्षत्रातील काक्षी तारा लवकरच फुटणार आणि पृथ्वीला धोका आहे, असा संदेश आमच्या गल्लीतील गटावर पुन्हा फिरतो आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

बालाघाट

ताई, काक्षी फुटणार हे खरे, पण खगोलशास्त्रातील 'लवकरच' म्हणजे एक लाख वर्षेही असू शकतात. 2019 च्या अखेरीस तो बराच मंदावला होता, त्याचे कारण त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ होते. तो शेकडो प्रकाशवर्षे दूर आहे. फुटला तर दिवसाही दिसेल, अपाय करणार नाही.

गोदाकाठ यांची दुरुस्ती मान्य आहे. मी घाई केली.

अंबाजोगाईचा निरीक्षक

वरील चर्चा वाचून हे सगळे केवळ मोठ्या वेधशाळांचे काम आहे असा मुलांचा समज होऊ नये, म्हणून लिहितो. 19 मे 2023 रोजी जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम 101 या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला आणि त्याचे नाव एसएन 2023आयएक्सएफ असे पडले. त्या दिवशी वैशाखी अमावस्या होती, त्यामुळे पुढच्या रात्री अंधाऱ्या मिळाल्या. वसिष्ठ आणि मरीची या सप्तर्षींच्या शेपटातील दोन ताऱ्यांशी जवळपास समभुज त्रिकोण केला की तिसऱ्या टोकाशी ही दीर्घिका येते. शेतातील आखाड्यावर आठ इंची दुर्बीण मांडून आम्ही पाहिले, तेव्हा दीर्घिका धुरकट डागासारखीही नीट दिसेना, पण तिच्या बाहेरच्या भुजेतील तो एकटा तारा स्पष्ट दिसत होता. सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवरचा एक सुटा तारा डोळ्याने पाहत असल्याची जाणीव झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्या स्फोटाची वेळ काही तासांच्या आत निश्चित करता आली, ती शोधाच्या आधीच्या रात्री जगभरच्या हौशी मंडळींनी सहज काढून ठेवलेल्या छायाचित्रांमुळे. एका छायाचित्रात तारा नाही, दुसऱ्यात अंधुक आहे, तिसऱ्यात ठळक आहे. ज्याने 'काहीच न दिसणारे' छायाचित्र जपून ठेवले, त्याचे काम येथे सर्वांत मोलाचे ठरले.

हिंगोलीचे शिक्षक

सर्वांचे आभार. आणखी दोन विचारणा आहेत. आमच्याकडे लायगो उभे राहिल्यावर अशा स्फोटांच्या गुरुत्वीय लहरी तेथे नोंदल्या जातील काय? आणि कोबाल्टचा हा हिशेब मुलांकडून वहीत करून घेता येईल काय?

गोदाकाठ

लायगोने आजवर नोंदलेल्या लहरी कृष्णविवरांच्या आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या आहेत. अतिनवताऱ्याची एकही नाही. गाभा सर्व बाजूंनी अगदी सारखा कोसळला तर गुरुत्वीय लहरी निघतच नाहीत, आणि वेड्यावाकड्या कोसळण्यातून ज्या निघतील त्याही क्षीण असतील, म्हणून स्फोट आपल्या आकाशगंगेत किंवा अगदी शेजारीच व्हायला हवा. आकाशगंगेत तो शतकात एखाद-दोनदा अपेक्षित असला तरी नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा 1604 सालचा आहे. तसा योग आला, तर औंढ्याच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजा आणि जपानमधील पाण्याची टाकी एकाच गाभ्याची हकीकत दोन वेगळ्या मार्गांनी नोंदवतील.

वहीतला हिशेब सहज जमेल. 1987 च्या ताऱ्याच्या तेजाच्या नोंदी आंतरजालावर विनामूल्य मिळतात. त्यांतील स्फोटानंतरच्या साधारण पाचव्या ते आठव्या महिन्यातील नोंदी घ्या. दर 77 दिवसांनी तेज निम्मे होणे म्हणजे प्रतीच्या आकड्यात सुमारे 0.75 ची वाढ (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). प्रत हे मापच लघुगणकी असल्यामुळे खास कागद लागणार नाही. साध्या आलेख कागदावर आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर प्रत घेतली की बिंदू जवळपास सरळ रेषेत येतील. उभ्या अक्षावर आकडे वरून खाली वाढत जातील असे मांडायला मुलांना आधीच सांगा, नाहीतर अर्ध्या वर्गाचा तारा उजळत जाताना दिसेल.