संगीतकार व्हायचं तर घर गहाण टाकून बोस्टन? (त्या धाग्याला उत्तर)

काळी पाच
काल इथे एका गृहस्थांनी लिहिलं, की मुलाला संगीतकार करायचं असेल तर सरळ बोस्टनच्या बर्कलीत घाला, घर गहाण पडलं तरी चालेल. इथे विशारद होऊन फार तर शाळेत प्रार्थना बसवता येते, असंही वर. ते वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून वेगळा धागा.

आधी प्रार्थनेचं. ज्या पोरांना सूर सापडत नाही अशा तीसचाळीस पोरांकडून दोन ओळी एका सुरात गाऊन घेणं, कुणाला वरची पट्टी झेपत नाही ते ओळखून चाल खाली आणणं, ही संगीतकाराचीच तालीम आहे. तिला हिणवू नका.

आता मुख्य मुद्दा. कॉलेजचं नाव बघू नका. पोरगं जे लिहील ते जिवंत माणसं वाजवून दाखवतील का, एवढंच बघा. मी दुसऱ्यांच्या चालींना वाद्यमेळ लिहून देतो, शिकायला मुलंही येतात. लॅपटॉपवर त्यांचं सगळं छान वाजतं. पण कागद बघावा तर बासरीला श्वास घ्यायला जागाच नाही. मागे एकाने क्लॅरिनेटचा भाग स्क्रीनवर ऐकू येतो तसाच छापून आणला. वादकाने कागदावरचा सा वाजवला आणि खोलीत कोमल नी ऐकू आला, कारण बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक सूर खाली बोलतं. पोरगं गोरंमोरं झालं. पण ते आता जन्मात विसरणार नाही.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी असेच घडले. आधी वडिलांकडे, मग माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे व्हायोलिन, आणि लहान वयातच स्टुडिओत वादकांच्या रांगेत. रहमाननेही इळैयाराजांच्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवला. लंडनच्या ट्रिनिटी संगीत कॉलेजची शिष्यवृत्ती नंतरची.

ठाण्याचा बाप
ते गृहस्थ मीच. प्यारेलालजींचा जमाना गेला हो. साठ वादक एका हॉलमध्ये बसवायला आज कोण पैसे देतं? वादकांची ती रांगच उरली नाही, मग पोरगं तिथे बसून शिकणार कसं? परदेशातल्या कॉलेजात निदान वर्गात वादक असतात, चित्रपटसंगीताचा वेगळा विभाग असतो, ओळखी होतात. आमच्या मुलीने इथे मध्यमा पूर्ण केली. राग ओळखते, तान घेते, पण एका सुराखाली दुसरा कुठला ठेवायचा हे तिला कुणी शिकवलंच नाही. परीक्षेत तो विषयच नाही तर गुरुजी तरी का शिकवतील?

काळी पाच
ती रांग उरली नाही, हे मान्य. म्हणून घर गहाण टाकावं, हे मान्य नाही.

मडगावकर
तुमचं भांडण पुणे-ठाण्याच्या बाहेर जाईल तर बरं. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलं शेकडो वर्षं स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचत आलीत. मुंबईच्या सिनेमाचं संगीत कागदावर उतरवलं ते याच लोकांनी. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. चाल कुणाची हे पोस्टरवर यायचं. खालचं सगळं लिहिणाऱ्याला मानधन आणि निरोप. माझे मामा त्याच रांगेत ट्रंपेट वाजवत गेले, कुठल्याही तबकडीवर त्यांचं नाव नाही. म्हणून सांगतो, पोराला पणजीला कला अकादमीत पाठवा. पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी, दोन्ही एकाच छताखाली मिळतं. पियानोपासून सुरुवात करा.

खर्ज
पियानोपासून?? म्हणजे कान बिघडवण्यापासून. आधी चार वर्षं तंबोऱ्यावर बसवा. खर्जाची तार नीट लावली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. पियानोचा आणि पेटीचा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो (शंभर सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर). लहानपणापासून तो चढा गंधार ऐकलेला मुलगा पुढे चाल बांधतो तीही पट्ट्यांवर बोटं चालवत. मग सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड नाही, सुराला हलका झोका देणारं आंदोलन नाही. आजच्या मराठी गाण्यांत तेच ऐकू येतं. रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती काही उगाच नव्हे.

सांगलीचा पेटीवाला
आलं का पुन्हा पेटीवर! खर्जसाहेब, ती बंदी १९७१ नंतर सैल करावी लागली, हेही सांगा ना. आणि मराठी चाल कुठून आली ते सांगा. 'मानापमान' रंगभूमीवर आलं १९११ साली, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे कोण? पेटीवाले! गायक भास्करबुवा बखल्यांची साथ करणारे. पेटीने कान बिघडतात म्हणता, मग टेंब्यांचे का नाही बिघडले?

खर्ज
टेंब्यांच्या कानात आधी बखलेबुवांचं गाणं मुरलं होतं, पेटी नंतर. मी तेच म्हणतोय.

सांगलीचा पेटीवाला
तुम्ही ते आत्ता म्हणताय. मघाशी बंदीचं कौतुक करत होतात. आमच्या सांगलीच्या कृ. ब. देवलांनी शंभर वर्षांपूर्वी अब्दुल करीम खाँसाहेबांना सोबत घेऊन श्रुतींवर, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांवर, काम केलं आणि श्रुतींची पेटी बनवून घेतली. म्हणजे गंधाराची चिंता पेटीवाल्यांनाच आधी पडली होती. माझे वडील भजनाच्या फडात रात्रभर वाजवायचे. गाणारा चढला की बोटं उचलायचे आणि भाता नुसता हलता ठेवायचे. सुरांशी कुठे भांडायचं नाही, हे पेटीवाल्याला कळतं. तंबोऱ्याचा डबा घेऊन हिंडणाऱ्यांनी हे शिकवू नये.

खर्ज
व्यक्तिगत होऊ नका. मीही कुणाच्या वडिलांबद्दल बोललो नाही. बोटं उचलावी लागत होती, यातच माझा मुद्दा आला.

मडगावकर
अहो, पोराचं काय?

नेकारकाठ
मी स्टुटगार्टला राहते, भाचा इथे रचना शिकतो. जर्मनीतली बरीचशी संगीत विद्यापीठं सरकारी आहेत, म्हणून शुल्क एक तर नाही किंवा अमेरिकेच्या मानाने फारच कमी. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. खरी अडचण प्रवेशपरीक्षेची. स्वतःच्या रचनांच्या संहिता, म्हणजे वाद्यांसाठी लिहिलेले स्वरलिपीचे कागद, द्याव्या लागतात, पियानो वाजवावा लागतो, ऐकून स्वर लिहावे लागतात, आणि जर्मन भाषा आली पाहिजे. काळी पाच म्हणतात ते इथे खरोखर मिळतं. वर्षातून ठरावीक वेळा विद्यार्थ्याची रचना वादक वाजवतात.

पण एक सांगते, रागावू नका. इथे चाल बांधायला कुणी शिकवत नाही. भाच्याने पहिल्या वर्षी एक गोड मुखडा नेला, तर प्राध्यापकांनी विचारलं, यात तुझं काय आहे? पोरगं आठवडाभर गप्प होतं. चित्रपटाचंच संगीत करायचं असेल तर शेजारी लुडविग्सबुर्गच्या चित्रपट अकादमीत तो अभ्यासक्रम आहे, पण तिथे आधीचं शिक्षण मागतात.

ठाण्याचा बाप
बघा! म्हणजे परदेशच.

काळी पाच
ताई म्हणाल्या ते पूर्ण वाचा. प्रवेशाला स्वतःच्या संहिता लागतात. त्या तुमची मुलगी लिहिणार कुठे बसून? इथेच ना? चेन्नईचं रहमानचं के. एम. संगीत विद्यालय २००८ पासून चालू आहे, तिथे दोन्ही पद्धती शिकवतात. खर्च बोस्टनपेक्षा कमी. तिथेही आता विचारा, आठवड्याला किती वेळ विद्यार्थ्यांचं लिहिलेलं वाजवलं जातं. उत्तर देताना चाचरले तर पुढे चला. आणि मध्यमेत हार्मनी, म्हणजे सुराखाली सूर ठेवणं, नाही, हे तुमचं बरोबर आहे. त्याला दुसरा गुरू करा, पहिला सोडू नका.

बारावीची आई
पहिल्यांदा लिहितेय. मुलगा पेटी वाजवतो, चाली लावतो, स्टाफ नोटेशन येत नाही. वडील म्हणतात इंजिनिअरिंग कर आणि बाकी सुट्टीत. तुमच्यातलं कुणाचं ऐकू?

खर्ज
तंबोरा.

सांगलीचा पेटीवाला
ताई, पेटी सोडू देऊ नका.

काळी पाच
ताई, कॉलेजचा निर्णय एक वर्ष पुढे ढकला. तोवर त्याला स्टाफ नोटेशन शिकवा, मन लावलं तर काही महिन्यांत वाचायला लागेल. त्याच्याच एका चालीला आठ मात्रांचं संगीत लिहायला सांगा, व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि तबला, एवढंच. रविवारी माझ्याकडे हे तिघे असतात, पुण्यात. लॅपटॉप घरी ठेवून यायला सांगा.

सांगलीचा पेटीवाला
त्याला पेटीही आणू द्या. मी सांगलीहून येतो.

खर्ज
या. तंबोरा मी लावून ठेवतो. गंधार सगळ्यांसमोर ऐकू.