मदत हवी आहे: जर्मन बी१, श्रवण आणि संभाषण

नमस्कार मंडळी. पुण्यात कॉलेज सांभाळून जर्मन शिकतेय, सध्या बी१, म्हणजे मधली पातळी. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या चारही भागांत प्रत्येकी ६० टक्के लागतात. वाचन-लेखनाची धास्ती नाही. ‘वाइल’ (कारण) या शब्दानंतर क्रियापद शेवटी टाकायचं, ते तर आपल्या मराठी डोक्याला सवयीचंच! घोडं अडतं बोलताना. ‘इन’ (आत), ‘आउफ’ (वर) वगैरेंसोबत हालचाल असेल तर आक्कुझाटिव (द्वितीया) विभक्ती, स्थिती असेल तर डाटिव (चतुर्थी), हे पाठ आहे. पण तोंड उघडलं की सगळी सरमिसळ. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या कळतात, परीक्षेतल्या गप्पांचा वेग मात्र झेपत नाही. त्यासाठी काय ऐकू? आणि चारही भाग एकदम द्यावेत की सुटे सुटे? डेक्कनच्या बाजूला संध्याकाळी सरावाला कुणी येईल का?