इलिप्सचा घेर इंटिग्रेट होत नाहीये, गॅस्केट किती लांब कापू?

सातपूरवाला
सातपूर एमआयडीसीत शॉप आहे, वाईनच्या एसएस (स्टेनलेस स्टील) टाक्या करतो. मॅनहोलचं झाकण ओव्हल, ४००×३०० मिमी, लेझर कटिंगला इलिप्सच (लंबवर्तुळ) दिलेला. कडेला बाहेरून १० मिमीची सिलिकॉन कॉर्ड बसते, तिची लांबी हवीय. लांबी-रुंदीचं अर्धं म्हणजे ए=२००, बी=१५०. घेर पाय(π)×(ए+बी) ने १०९९.६ येतो आणि पाय×√(२(ए²+बी²)) ने १११०.७, आता ११ मिमीचा फरक म्हणजे जॉइंट एकतर उघडा राहणार नाहीतर फुगणार. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला इंटिग्रेट करायला बसवलं तर रविवारपासून सबस्टिट्यूशनच चालूय. हार्वेस्टच्या आधी टाक्या द्यायच्यात हो.

गंगापूररोड_मॅथ्स
पुतण्याला उठवा आधी. घेरासाठी लागणारं √(ए²साइन²+बी²कॉस²) चं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये बसतच नाही. अजून कुणाला सापडलं नाही असं नाही, असूच शकत नाही, लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात सिद्ध केलंय. पण फॉर्म्युला नाही म्हणून आकडा निघत नाही असं थोडीच आहे! ०, २२.५, ४५, ६७.५, ९० डिग्रीला ते वर्गमूळ काढा: १५०, १५८.३१, १७६.७८, १९३.४९, २००. पहिला-शेवटचा अर्धा धरून बेरीज ७०३.५८, गुणिले पाय/२, झाले ११०५.२. साधा ट्रॅपेझॉइडल रूल (वक्राखालचे पट्टे समलंब धरून बेरीज), पण फंक्शन पिरिऑडिक, म्हणजे तेच तेच परत येणारं, असल्यामुळे पाच पॉइंटमध्येच काम होतं.

पंचवटीकर
एवढं कशाला, रामानुजनचा १९१४ चा फॉर्म्युला घ्या: पाय×[३(ए+बी) − √((३ए+बी)(ए+३बी))]. ११०५.२ च येतं. बी पार शून्य केला तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत. आणि दादा, तुमच्या दोन आकड्यांची सरासरी काढून बघा, ११०५.१! इलिप्स फार चपटा नसेल तर हा जुगाड चालतो.

टूलरूम_अंबड
घेर झाला हो, पण कॉर्ड कडेच्या बाहेर आहे ना? तिची सेंटरलाइन ५ मिमी बाहेरून जाते आणि ती वक्ररेषा इलिप्स नसते, त्यामुळे २०५-१५५ टाकून हिशोब करू नका. गंमत म्हणजे इथे इंटिग्रल लागतच नाही, कुठेही आत न दबलेला गुळगुळीत आकार असला की बाहेरची लांबी म्हणजे घेर अधिक २×पाय×५, म्हणजे ३१.४ जास्त. ११३६.६ ला कापा. तुम्ही ११ मिमीवर अडलात आणि ३१ सुटत होते.

सातपूरवाला
बाप रे. पण आमची पोरं कॉर्ड थोडी ताणून बसवतात, मग त्यातून वजा करायचं का?

टूलरूम_अंबड
ताणू देऊ नका. ताणली की बारीक होते, मग सील धरत नाही.